छापा आणि काटा : रोमन सम्राटांचे तांब्या-पितळेचे नाणे कसे वाचावे

रोमन साम्राज्याची सोन्याचांदीची नाणी सैनिकांच्या पगारात आणि दूरदेशी जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या थैल्यांत फिरत असत. पाव विकत घेताना, खानावळीत पेलाभर द्राक्षमद्य पिताना किंवा सार्वजनिक स्नानगृहाच्या दारात एक क्वाड्रन्स, म्हणजे अगदी हलक्या मूल्याचे नाणे, देताना सामान्य माणसाच्या तळहातावर मात्र असे ते तांब्याचे किंवा पितळेचे नाणे. वर्तमानपत्रे नसलेल्या त्या काळात सम्राटाचा चेहरा, त्याला मिळालेले नवे पद, त्याचा ताजा विजय आणि त्याने बांधलेली वास्तू यांची वार्ता लोकांपर्यंत पोहोचवण्याचे काम या नाण्याने केले. त्यामुळे झगमगत्या सुवर्णनाण्यापेक्षा झिजलेला सेस्टर्टियस, म्हणजे मोठे पितळी नाणे, मला नेहमी अधिक बोलका वाटत आला आहे.

संग्रहालयाच्या काचेआड, लिलावाच्या सूचीत किंवा एखाद्या परिचिताच्या पेटीत असे नाणे समोर आले आणि लॅटिन येत नसतानाही ते वाचायची इच्छा झाली, तर काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे हे येथे सांगितले आहे. लॅटिनची धास्ती घेण्याचे कारण नाही. वीस-पंचवीस संक्षेप आणि तितक्याच आकृत्या ओळखता आल्या की बहुतेक नाण्यांचा अर्थ लागतो. साधने म्हणाल तर दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा वजनकाटा, मिलिमीटरमध्ये मोजणारी व्हर्नियर पट्टी आणि एक लहान टॉर्च एवढी पुरतात.

पहिली पायरी : वजन, माप आणि धातू

नवा अभ्यासक नाणे हातात येताच चेहऱ्याकडे धाव घेतो आणि तेथेच फसतो, कारण झिजलेल्या चेहऱ्यात आपण मनात धरलेला सम्राट दिसू लागतो. वजन आणि व्यास मात्र मन पाहून बदलत नाहीत, म्हणून सुरुवात वजनकाट्यापासून करावी.

तांबे, पितळ आणि कांसे यांतला फरक आपल्याकडे स्वयंपाकघरातच शिकायला मिळतो. येथे त्याचा थेट उपयोग होतो. सूचींमध्ये ‘ब्राँझ’ या एकाच शब्दाखाली येणारी रोमन नाणी प्रत्यक्षात वेगवेगळ्या धातूंची आहेत. ऑगस्टसने नाणेपद्धतीची जी घडी बसवली, तीत सेस्टर्टियस आणि ड्युपॉन्डियस ही नाणी तांबे व जस्त यांच्या मिश्रणाची, म्हणजे पितळेची होती, तर अ‍ॅस आणि क्वाड्रन्स तांब्याची होती. चार क्वाड्रन्सचा एक अ‍ॅस, दोन अ‍ॅसचा एक ड्युपॉन्डियस, दोन ड्युपॉन्डियसचा एक सेस्टर्टियस आणि चार सेस्टर्टियसचा चांदीचा एक देनारियस, असे कोष्टक होते. म्हणजे एका देनारियसचे १६ अ‍ॅस आणि ६४ क्वाड्रन्स होतात. १६ आण्यांचा आणि ६४ पैशांचा जुना रुपया ज्यांना माहीत आहे त्यांना हे कोष्टक पाठ करावे लागत नाही.

पहिल्या दोन शतकांतला सेस्टर्टियस साधारण २५ ग्रॅम वजनाचा आणि ३२ ते ३५ मिलिमीटर व्यासाचा असतो. तो तळहातावर ठेवला की त्याचे वजन जाणवते आणि इतर नाण्यांत तो लगेच वेगळा कळतो. घोटाळा होतो तो ड्युपॉन्डियस आणि अ‍ॅस यांच्यात. दोन्ही साधारण २६ ते २८ मिलिमीटरची असतात. ड्युपॉन्डियस १२-१३ ग्रॅमच्या, तर अ‍ॅस १०-११ ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि झीज झाली की हा फरक पुसला जातो. अशा वेळी काठावर किंवा एखाद्या ओरखड्यात मूळ धातू उघडा पडला आहे का ते भिंगातून पाहावे. पिवळसर चमक दिसली तर पितळ, लालसर दिसली तर तांबे. निरोच्या काळापासून आणखी एक खूण मिळते : ड्युपॉन्डियसवर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट येऊ लागतो. किरणांचा मुकुट म्हणजे दुप्पट मूल्य हा संकेत पुढेही टिकला. इ. स. २१५ मध्ये कॅराकॅलाने काढलेल्या आणि आज अँटोनिनियानस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाण्यावरही तोच मुकुट आहे. स्त्रियांच्या बाबतीत हेच काम खांद्यांखालची चंद्रकोर करते.

दुसरी पायरी : चेहरा

आपण नाणेफेक करताना ‘छापा की काटा’ म्हणतो. रोमन साम्राज्यकालीन नाण्याचा छापा म्हणजे सहसा उजवीकडे पाहणारे मस्तक. हे नाणे हाताने पाडलेले असे. छाप्याचा ठसा ऐरणीत बसवलेला असे, तापवलेली चकती त्यावर ठेवत, वर काट्याचा ठसा धरत आणि घणाचा घाव घालत. चकती किंचित सरकली की लेखाचा अर्धा भाग नाण्याबाहेर जाई, आणि जोरदार घावाने काठ तडकत असे. अशा चिरा आणि मध्यापासून ढळलेली चित्रे हा दोष मानू नये, तो हस्तकामाचा पुरावा आहे.

पहिल्या दोन शतकांतली व्यक्तिचित्रे खरोखर व्यक्तींची आहेत. निरोची मान वर्षागणिक जाड होत गेलेली दिसते आणि कपाळावर केसांच्या लाटा ओळीने रचलेल्या असतात. व्हेस्पासियनचे रुंद टक्कल, सुरकुतलेले कपाळ आणि पुढे आलेली हनुवटी पाहिली की लेख न वाचताही ओळख पटते. नर्व्हाची लांब मान आणि बाकदार नाक, ट्राजनचे कपाळावर सरळ विंचरलेले केस, कॅराकॅलाच्या कपाळावरच्या आठ्या, यांतली एकेक खूण लक्षात ठेवावी. हेड्रियनपासून सम्राट दाढीसह दिसू लागतात. गुळगुळीत चेहरा कॉन्स्टंटाइनपासून पुन्हा रूढ झाला, आणि त्याच्या घराण्यातल्या ज्युलियनने पुन्हा दाढी राखली. राण्यांच्या बाबतीत चेहऱ्याइतकीच केशरचना महत्त्वाची, कारण ती पिढीगणिक बदलली. ट्राजनच्या काळातले कपाळावरचे उंच थर आणि अँटोनायनस पायसची राणी पहिली फॉस्टिना हिच्या माथ्यावर बांधलेल्या वेण्या यांत गल्लत होणे अवघड आहे.

डोक्यावर काय आहे तेही टिपावे. लॉरेलच्या पानांची माळ हे सम्राटाचे चिन्ह आहे. दुसऱ्या शतकात उघडे मस्तक बहुधा युवराजाचे असते. रत्नांची किंवा मोत्यांची पट्टी दिसली तर नाणे कॉन्स्टंटाइनच्या उत्तरकाळातले किंवा त्यानंतरचे समजावे. मात्र तिसऱ्या शतकाच्या अखेरीपासून चेहऱ्यावर विसंबणे सोडून द्यावे लागते. डायोक्लेशियन आणि त्याचे तीन सहशासक यांना मुद्दाम सारखेच दाखवले आहे : चौकोनी जबडा, आखूड दाढी, जाड मान. चौघांची सत्ता एकच आहे हे सांगण्यासाठी चौघांचा चेहरा एकच केला. तेथे नाव वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

तिसरी पायरी : लेख वाचणे

सगळ्यात जास्त वेळ येथे द्यावा. लेख सहसा डावीकडे खाली, घड्याळातल्या सातच्या आकड्याजवळ सुरू होतो आणि घड्याळाच्या दिशेने कडेकडेने फिरतो. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ‘यू’ या अक्षराऐवजी सर्वत्र ‘व्ही’ असतो आणि ‘जे’ऐवजी ‘आय’. अक्षरे झिजलेली असतील तर टॉर्च नाण्याच्या बाजूला, जवळजवळ आडवी धरून सावकाश फिरवावी. सरळ प्रकाशात सपाट दिसणाऱ्या पृष्ठभागावर तिरप्या प्रकाशात अक्षरांच्या सावल्या उठतात आणि एका कोनात ‘ए’, दुसऱ्या कोनात ‘व्ही’, तिसऱ्या कोनात ‘जी’ असे करत शब्द जुळतो. जे दिसते तेवढेच कागदावर उतरवावे आणि न दिसणाऱ्या अक्षराच्या जागी टिंब द्यावे. अंदाज नंतर करावा.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. व्हेस्पासियनच्या एका प्रसिद्ध सेस्टर्टियसच्या छाप्यावर क्रमाने अशी अक्षरे आहेत : आयएमपी, सीएईएस, व्हेस्पासियन, एव्हीजी, पी एम, टीआर पी, पी पी, सीओएस आणि पुढे तीन उभ्या रेघा. ‘आयएमपी’ म्हणजे इंपेरातोर, विजयी सेनापतीला मिळणारी आणि पुढे सम्राटाचीच झालेली पदवी. ‘सीएईएस’ म्हणजे कैसार, मूळचे ज्युलियस सीझरचे कुलनाम. ‘एव्हीजी’ म्हणजे ऑगस्टस, सर्वोच्च सत्ताधीश. ‘पी एम’ म्हणजे पोंतिफेक्स माक्सिमुस, राज्याचा मुख्य धर्माधिकारी. ‘टीआर पी’ म्हणजे लोकाधिकाऱ्याची (ट्रिब्यूनची) सत्ता, ‘पी पी’ म्हणजे पातेर पात्रिए, अर्थात राष्ट्रपिता, आणि ‘सीओएस’ म्हणजे कॉन्सुल, रोमचा सर्वोच्च वार्षिक अधिकारी. शेवटच्या तीन रेघा सांगतात की तो तिसऱ्यांदा कॉन्सुल आहे.

आणखी दोन खुणा उपयोगाच्या आहेत. ‘एव्हीजी’च्या शेवटी ‘जी’ दोनदा आले तर एकाच वेळी दोन सम्राट आहेत, तीनदा आले तर तीन. ‘डी एन’ म्हणजे दोमिनुस नोस्तेर, आमचा स्वामी. ही अक्षरे छाप्याच्या सुरुवातीला दिसली तर नाणे बहुधा चौथ्या शतकातले किंवा नंतरचे असते. ऑगस्टस स्वतःला पहिला नागरिक म्हणवत होता. त्याच्या पदावर बसणारा तीनशे वर्षांनी स्वामी झाला, आणि तो बदल या दोन अक्षरांत नोंदला गेला आहे.

चौथी पायरी : वर्ष काढणे

रोमन नाण्यावर वर्ष लिहिलेले नसते, पण पदव्यांमधून ते काढता येते, आणि या विद्येतला सगळ्यात समाधानाचा भाग मला हाच वाटतो. वरच्या उदाहरणात व्हेस्पासियन तिसऱ्यांदा कॉन्सुल आहे. तो तिसऱ्यांदा कॉन्सुल झाला इ. स. ७१ मध्ये आणि चौथ्यांदा ७२ मध्ये, म्हणून हे नाणे ७१ सालचे ठरते. लोकाधिकाऱ्याच्या सत्तेचे दरवर्षी नूतनीकरण होत असे, त्यामुळे ‘टीआर पी’नंतर आकडा असेल तर तो राज्यवर्षाच्या आकड्यासारखाच वापरता येतो. चार हा आकडा नाण्यांवर बहुधा चार उभ्या रेघांनी लिहितात आणि चौदा हा एक्सनंतर चार रेघांनी, हे ध्यानात असू द्यावे.

कॉन्सुलपद दरवर्षी घेतलेच पाहिजे असे नसल्याने त्यावरून कधी एकच वर्ष मिळते, कधी मोठा पट्टा. ट्राजन पाचव्यांदा कॉन्सुल होता तो १०३ ते १११ या काळात, आणि सहाव्यांदा ११२ पासून अखेरपर्यंत. हेड्रियन तर तिसऱ्यांदा कॉन्सुल झाला ११९ मध्ये आणि नंतर कधीच झाला नाही, म्हणून त्याच्या नाण्यावर ‘सीओएस’ आणि तीन रेघा पाहून ११९ ते १३८ एवढेच म्हणता येते. तेथे ‘पी पी’ ही अक्षरे मदतीला येतात. राष्ट्रपिता ही पदवी त्याने १२८ मध्ये स्वीकारली. विजयाच्या पदव्याही अशाच उपयोगी पडतात. ट्राजनच्या नावापुढे ‘दाकिकुस’ येते ते १०२ मध्ये दाकियाचे (आजच्या रोमानियातल्या प्रदेशाचे) पहिले युद्ध जिंकल्यावर, ‘ऑप्टिमुस’ ११४ मध्ये आणि ‘पार्थिकुस’ ११६ मध्ये. तिन्ही पदव्या एकत्र दिसल्या तर ते त्याच्या शेवटच्या दोन वर्षांतले नाणे होय.

पाचवी पायरी : काट्याची बाजू

छाप्याची बाजू कोण आणि केव्हा ते सांगते; काट्याची बाजू त्या सम्राटाला प्रजेने काय मानावे असे वाटत होते ते सांगते. चित्राकडे घडलेल्या गोष्टीची नोंद म्हणून न पाहता सम्राटाचा दावा म्हणून पाहावे, आणि मग त्या दाव्याची त्याला त्याच वर्षी गरज का पडली असा प्रश्न विचारावा.

व्हेस्पासियनचेच नाणे उलटू. मधोमध खजुराचे झाड उभे आहे. झाडाखाली उजवीकडे एक स्त्री हातावर डोके टेकून शोक करत बसली आहे. डावीकडे लष्करी पोशाखातला सम्राट भाला धरून उभा आहे आणि त्याचा पाय शत्रूच्या शिरस्त्राणावर आहे. कडेने लेख आहे, ‘युदाइआ काप्ता’, म्हणजे यहुदिया जिंकला. खजूर ही त्या प्रांताची खूण आणि बसलेली स्त्री म्हणजे तो प्रांत. जेरुसलेम ७० मध्ये पडले आणि ७१ मध्ये रोममध्ये विजययात्रा निघाली, हे खरेच. पण व्हेस्पासियन सत्तेवर आला तो ६९ सालच्या यादवीतून, ज्या एका वर्षात रोमने चार सम्राट पाहिले. त्याच्यापाशी ऑगस्टसच्या घराण्याचे रक्त नव्हते, आणि रोमन माणसांनी रोमन माणसांवर मिळवलेला विजय उत्सवाने साजरा करता येत नव्हता. परक्या शत्रूवरचा विजय मात्र करता येत होता, आणि नव्या घराण्याला तोच आधार झाला. हे चित्र इतक्या वेगवेगळ्या ठशांनी, इतक्या प्रकारांत पाडले गेले त्याचे कारण या गरजेत आहे.

दुसरे उदाहरण १६१ सालचे. मार्कस ऑरेलियस आणि ल्युशियस व्हेरस हे एकमेकांसमोर उभे राहून हात मिळवत आहेत आणि लेखात ‘कॉन्कॉर्दिआ’, म्हणजे एकमत, असा शब्द आहे. सोबत मार्कसचे ‘टीआर पी’ पंधरा आणि ‘सीओएस’ तीन हे आकडे आहेत. समान पदाचे दोन सम्राट एकाच वेळी राज्य करण्याची रोमची ती पहिलीच वेळ होती. लोकांच्या मनात आलेल्या शंकेला हे हस्तांदोलनाचे चित्र उत्तर देते. ज्या सद्गुणाचे नाव नाण्यावर मोठ्याने घेतले आहे, तो त्या वर्षी धोक्यात होता का हे पाहण्याची सवय ठेवावी. ‘फिदेस’, म्हणजे सैन्याची निष्ठा, ६९ च्या यादवीतल्या नाण्यांवर आग्रहाने येते ती उगीच नाही.

बहुतेक काट्यांवर असा प्रसंग नसतो. एकच उभी किंवा बसलेली स्त्री असते. ही देवी नावाने न ओळखता हातातल्या वस्तूंवरून ओळखावी. आपण शंख-चक्र पाहून विष्णू आणि डमरू-त्रिशूळ पाहून शंकर ओळखतो, तीच रीत. एका हातात तराजू आणि दुसऱ्या हातात फळाफुलांनी भरलेले शिंग असेल तर ती एकुइतास, म्हणजे न्याय्य माप, किंवा टांकसाळीची देवता मोनेता. या दोघी सारख्याच दिसतात आणि लेखानेच वेगळ्या होतात. नावेचे सुकाणू धरलेली फोर्तुना, म्हणजे दैव. ऑलिव्हची फांदी धरलेली पाक्स, म्हणजे शांती. वाटीतून सापाला पाजणारी सालुस, म्हणजे आरोग्य आणि राज्याचे क्षेमकुशल. फूल धरून दुसऱ्या हाताने वस्त्राचा घोळ किंचित उचलणारी स्पेस, म्हणजे आशा. युवराजाच्या नाण्यावर ती हमखास भेटते. दोन साप गुंडाळलेला दंड धरलेली फेलिकितास, टोकदार टोपी पुढे करणारी लिबेर्तास (गुलामाला मुक्त करताना त्याला तशी टोपी देत असत), आणि पंख, माळ व ताडाची फांदी असलेली विक्तोरिआ. गव्हाच्या लोंब्या, धान्याचे माप आणि कधी जहाजाचा नाळ, म्हणजे पुढचे टोक, दिसला तर ती आन्नोना, रोमच्या धान्यपुरवठ्याची देवता. राजधानीचे पोट समुद्रापलीकडून येणाऱ्या, विशेषतः इजिप्त आणि आफ्रिकेच्या, धान्यावर चालत होते. त्यामुळे जहाज आणि लोंब्या एकत्र पाहिल्या की त्या चित्रामागची काळजी लगेच समजते.

प्रांतही स्त्रीरूपातच येतात. हेड्रियनने साम्राज्यभर प्रवास केला आणि त्याच्या नाण्यांवर हिस्पानिया, आफ्रिका, इजिप्त असे प्रांत आपापल्या खुणांसह उभे राहिले. काही नाण्यांवर गुडघे टेकलेल्या प्रांताला सम्राट हात देऊन उठवतो आहे. व्हेस्पासियनच्या शोकमग्न यहुदियानंतर सुमारे साठ वर्षांनी आलेले हे चित्र शेजारी ठेवून पाहावे. वास्तू असेल तर काम आणखी सोपे होते : निरोने दाखवलेले ओस्तियाचे बंदर, टायटसच्या ८०-८१ मधल्या सेस्टर्टियसवर प्रेक्षकांनी भरलेले कोलोसियम, ट्राजनचा स्तंभ. गरुड किंवा चिता आणि ‘कॉन्सेक्रातिओ’ हा शब्द दिसला, किंवा नावाआधी ‘दिवुस’ अथवा ‘दिवा’ असेल, तर ती व्यक्ती मृत्यूनंतर देवपदाला पोहोचली असे समजावे. पहिल्या फॉस्टिनाची तशी नाणी अँटोनायनस पायसने वर्षानुवर्षे पाडली.

चित्राशेजारच्या मोकळ्या जागेत किंवा खाली ‘एस सी’ ही दोन अक्षरे असतात. सेनातुस कॉन्सुल्तो, म्हणजे सिनेटच्या ठरावाने, असा त्यांचा अर्थ आहे. पहिल्या दोन शतकांत ती रोमच्या तांब्या-पितळेच्या नाण्यांवर जवळजवळ नेहमी असतात, सोन्याचांदीवर सहसा नसतात. एखाद्या नाण्याला चांदीसारखा मुलामा दिसला आणि त्यावर ‘एस सी’ही असले, तर थांबून पुन्हा पाहावे.

उत्तरकाळातली लहान नाणी

तिसऱ्या शतकात चांदीचा कस घसरत गेला, तो इतका की गॅलिएनसच्या काळात अँटोनिनियानस हे वस्तुतः चांदीचा पुसट मुलामा दिलेले तांबेच झाले होते. त्याच सुमारास मोठा सेस्टर्टियस मागे पडला. गॅलिएनसच्या अखेरच्या वर्षांतली नाणी आवर्जून पाहावीत. डायानासाठी हरीण, सूर्यासाठी पंख असलेला घोडा, अपोलोसाठी नराश्व, असे एकेका देवाचे प्राणी त्यांवर आहेत आणि लेखात त्या देवाला सम्राटाचा रक्षक म्हटले आहे. सीमा ढासळत असताना केलेला तो धावा आहे.

डायोक्लेशियनने २९४ च्या सुमारास १० ग्रॅमच्या आसपासचे नवे मोठे नाणे काढले, ज्यावर रोमन जनतेचा रक्षक आत्मा हातात वाटी आणि भरलेले शिंग घेऊन उभा आहे. पुढच्या ४०-४५ वर्षांत हे नाणे घटत घटत दीड-दोन ग्रॅमवर आले. आज संग्राहकांच्या हाती सर्वाधिक येतात ती ही लहान नाणी, आणि त्यांच्यावर एक नवी सोय आहे : काट्याच्या तळाशी, आडव्या रेघेखाली, टांकसाळीची खूण.

समजा १७ मिलिमीटरचे, अडीच ग्रॅमचे एक नाणे आहे. छाप्यावर कॉन्स्टंटिनुस युनिओर आणि ‘एनओबी सी’, म्हणजे थोर कैसार, अर्थात मोठ्या कॉन्स्टंटाइनचा त्याच नावाचा मुलगा. काट्यावर भाले घेतलेले दोन सैनिक, त्यांच्या मधे दोन ध्वजदंड आणि ‘ग्लोरिआ एक्सेर्कितुस’, सैन्याचा गौरव, हा लेख. रेघेखाली ‘एस एम के ए’. पहिली दोन अक्षरे साक्रा मोनेता, पवित्र टांकसाळ. ‘के’ म्हणजे किझिकस, आजच्या तुर्कस्तानात मार्मारा समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचे नगर. शेवटचे अक्षर ग्रीक अल्फा, म्हणजे पहिला कारखाना. ध्वजदंड दोन आहेत म्हणून काळ ३३० ते ३३५. एकच ध्वजदंड असता तर नाणे ३३५ नंतरचे, आणि आकारानेही लहान असते. याच रीतीने ‘टीआर’ म्हणजे ट्रिअर, ‘लॉन’ म्हणजे लंडन, ‘सिस’ म्हणजे सिस्किया, ‘एएनटी’ म्हणजे अँटिऑक आणि ‘एएलई’ म्हणजे अलेक्झांड्रिया ओळखावे. त्याच वर्षांतली दोन नाणी तर लेखाशिवायही कळतात : जुळ्यांना पाजणारी लांडगी हे रोम नगराचे आणि जहाजाच्या नाळेवर पाय ठेवलेली विक्तोरिआ हे नव्या राजधानीचे, कॉन्स्टंटिनोपलचे. ख्रिस्ताचे चिन्ह सुरुवातीला ध्वजावर किंवा शिरस्त्राणावर बारीक दिसते. मॅग्नेन्शियसच्या ३५३ मधल्या नाण्यावर ते सबंध काटा व्यापते.

खरे की खोटे

एवढे वाचून झाल्यावर नाण्याचा काठ पाहावा. ओतीव नकलेत काठावर साच्याची शिवण किंवा ती घासून टाकल्याच्या समांतर रेघा सापडतात, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोलावलेल्या असतात. दोन नाण्यांवर ठसा एकच असू शकतो, पण चीर, खरचटलेली जागा आणि काठाचा आकारही तंतोतंत जुळला तर निदान एक नाणे ओतलेले आहे हे निश्चित. सेस्टर्टियसच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. सोळाव्या शतकात पादुआच्या जोव्हानी दा काव्हिनो याने रोमन सेस्टर्टियसच्या अतिशय देखण्या प्रतिकृती केल्या. त्या सहसा जरा जास्तच नेटक्या आणि गोल असतात. आणि खऱ्या पण झिजलेल्या नाण्यावर कोरणीने केस, डोळे, वस्त्रांच्या चुण्या नव्याने कोरण्याचे प्रकारही होतात. झीज सर्वत्र सारखी असावी लागते. गाल सपाट आणि केस धारदार असे दिसले की कोरणी शोधावी.

शेवटी आपले वाचन प्रमाण सूचीशी ताडून पाहावे. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीची ‘ओक्रे’ ही सूची इंटरनेटवर सर्वांना मोफत आहे. सम्राट, धातू, टांकसाळ आणि लेखातला एखादा शब्द दिला की ती नमुन्याचा क्रमांक आणि छायाचित्रे दाखवते.

जपणूक

आपल्याकडे तांब्या-पितळेवर कळक दिसला की हात आपोआप चिंचेकडे, लिंबाकडे किंवा पितांबरीकडे जातो. प्राचीन नाण्याच्या बाबतीत हे कधीही करू नये. त्यावरचा गुळगुळीत हिरवा, तपकिरी किंवा काळा थर शतकानुशतके बनलेला असतो आणि अक्षरांचा बारीक उठाव पुष्कळदा त्या थरातच उरलेला असतो. आम्लाने तो गेला की लेखही गेला. मातीच लागली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवावे, पाणी बदलत राहावे आणि मऊ ब्रशने हलके पुसावे. नाणे नेहमी काठांनी धरावे.

फिकट हिरवी भुकटी सुटणारे ठिपके मात्र वेगळे. धातूतले क्लोराइड आणि हवेतला ओलावा यांच्या संयोगाने होणारा तो रोग आहे आणि तो नाणे आतून खात जातो. असे नाणे इतरांपासून लगेच बाजूला काढावे, पूर्ण कोरडे करावे आणि धातुसंवर्धनाच्या जाणकाराला दाखवावे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे आणि त्या वेळोवेळी बदलणे हा साधा उपाय फार उपयोगी पडतो. पीव्हीसीच्या मऊ प्लॅस्टिक पाकिटांत तांब्या-पितळेची नाणी ठेवू नयेत.

भारतातली रोमन नाणी आणि कायदा

भारतात सापडलेली रोमन नाणी मुख्यतः सोन्याचांदीची, त्यांतही ऑगस्टस आणि टायबेरियस यांची पुष्कळ. पण वर वर्णन केलेली चौथ्या-पाचव्या शतकांतली लहान तांब्याची नाणीही तमिळनाडूत करूर आणि मदुराई परिसरात आणि श्रीलंकेत मोठ्या संख्येने मिळाली आहेत. बरीचशी इतकी झिजलेली आहेत की दोन सैनिकांच्या फक्त बाह्यरेषा उरतात, आणि तेथे वजन व व्यास हाच पहिला पुरावा ठरतो. महाराष्ट्रात तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथे रोमन नाण्यांच्या भाजक्या मातीतल्या प्रतिकृती मिळाल्या आहेत. नाण्यावरचा चेहरा मूल्यापासून सुटून अलंकार म्हणून येथल्या माणसांना आवडला होता, असे त्यावरून म्हणावेसे वाटते.

शेतात किंवा पाया खोदताना जुनी नाणी सापडली तर ती धुऊ नयेत, वाटून घेऊ नयेत आणि विकू नयेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी पुरावशेष ठरतात. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. सापडली त्या जागीच, हलवण्याआधी, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढावे आणि किती खोलीवर, कशाच्या सोबत, भांड्यात की मोकळी होती हे लिहून ठेवावे, कारण नाणे संग्रहालयात नेता येते, पण त्याच्या भोवतालची माती एकदा उकरली की पुन्हा वाचता येत नाही.